अकरा अक्षरांचं घर

एसुक अकाई गावात घराला नाव नसलं म्हणून कुणाचं अडत नाही. 'कुत्रा चावतो ते', 'बायको दोनदा पळून गेली ते', 'पपईचं झाड भिंतीतून आलंय ते' एवढ्या पत्त्यावर पोस्टमन बिनचूक येतो. ओटू एन्साच्या नव्या घराला लोक 'अर्धा रंग दिलेलं' म्हणत. रंग संपला होता हे खरं, पण तेवीस वर्षं पाणीपुरवठा कचेरीत काढून हेडक्लार्क झालेल्या माणसाला 'कुठे राहता?' या प्रश्नाचं हे उत्तर जिभेवर घ्यायला जड जात होतं.

त्याचा बहुतेक दिवस कचेरीमागच्या मोठ्या हौदाच्या कठड्यावर जाई. गढूळ पाणी एका बाजूनं आत येई, गाळ खाली बसे आणि दुसऱ्या बाजूनं ते निवळून निघे. ओटू ते बघत बसे. हे त्याच्या नोकरीत मोडतं की नाही, असं त्याला कुणी कधी विचारलं नव्हतं, आणि तो बसलाय म्हणजे काहीतरी तपासत असणार असा वरिष्ठांचा समज होता. तिथंच एका दुपारी, डोळे निम्मे मिटलेले असताना, त्याला ती कल्पना सुचली. घराला एकच इंग्रजी शब्द द्यायचा, पण असा की घरातल्या प्रत्येकाच्या नावाचं पहिलं अक्षर त्या शब्दात असलं पाहिजे. इफिक भाषेतली नावं चांगली असतात, पण ती घरात घालायच्या लुंगीसारखी. इंग्रजी नाव म्हणजे इस्त्रीचा सदरा.

माणसं चार. ओटूचा ओ, बायको एन्कोयोचा एन, बोर्डिंगात शिकणारा मुलगा इटा, त्याचा आय, आणि मुलगी उन्वाना, तिचा यू. ओटूनं पाण्याकडे पाहिलं. चार अक्षरं त्याच्यासमोर चार पानांसारखी तरंगली, एकमेकांना टेकली, एक एन आणखी एकदा आला आणि शब्द तयार झाला: युनियन.

"म्हणजे एकी," त्यानं घरी सांगितलं.

"बरंय," एन्कोयो म्हणाली. "रंगापेक्षा स्वस्त आहे."

पाटी लागली सोमवारी. बुधवारी मोठ्या इंजिनिअरसाहेबांनी ओटूला बोलावलं, दार लावून घेतलं आणि हळू आवाजात विचारलं, "ओटू, तू घरी संघटना काढलीस म्हणे? मागण्या काय आहेत?" ओटूनं शपथेवर सांगितलं की माझी कसलीही मागणी नाही. साहेबांनी ते वाक्य लिहून घेऊन खाली त्याची सही घेतली. त्यामुळे पुढची दोन वर्षं त्याला पगारवाढ मागता आली नाही ते सोडा. शुक्रवारी लाकडाच्या वखारीतून काढून टाकलेला एक माणूस तक्रारीचे सतरा कागद घेऊन ओसरीवर आला. तो जेवायला थांबला. शनिवारी त्याच्या बरोबरचे दोघे आले, तेही जेवायला थांबले. रविवारी पाटी उतरली.

आता खरं म्हणजे इथं हा उद्योग संपायचा. पण पाटी उतरताना ओटूच्या सासूबाई ओसरीवर आफांगच्या भाजीची पानं चिरत बसल्या होत्या. सगळी गल्ली त्यांना मायेनआजी म्हणे. त्यांनी विचारलं, "जावईबापू, त्या फळीवर काय काय होतं?"

ओटूनं हौसेनं एकेक अक्षर समजावलं.

"आणि माझं?"

ओटूच्या हातातला खिळा खाली पडला.

"नाही, सहज विचारते," सुरी न थांबवता आजी म्हणाल्या. "आठ वर्षं या माणसांच्या पोटात माझ्या हातचं जातंय. पोटात मी आहे, पाटीत नाही. असू दे."

हे 'असू दे' ज्यांनी ऐकलं नाही त्यांना जावई असणं म्हणजे काय ते कळणार नाही. एम घेतला. पण सासूबाई आल्या म्हटल्यावर ओटूला आपले वडील आठवले. त्यांचं नाव टॉम.

"ते तर वारले," एन्कोयो म्हणाली.

"म्हणूनच. जिवंत माणूस रुसला तर समजूत काढता येते."

अशी अक्षरं झाली सहा: ओ, एन, आय, यू, एम, टी.

शेजारची कम्फर्टबाई शिवणकाम करी आणि सल्ले देई. शिवणकामाचे पैसे घेई, सल्ल्यांचे नाही, त्यामुळे सल्ले जास्त निघत. "ओटूभाऊ, आमच्या मावशीनं घराला 'पेशन्स' नाव दिलं, तर घर बांधायला एकोणीस वर्षं लागली. शब्द जपून घ्या." ओटूनं जपून घ्यायचं ठरवलं. अकरा दिवस तो हौदावर बसून राहिला. पाण्यावर आंब्याची पानं पडत, गोल फिरत, एक पान ओ होई, काडी आय होई, मुडपलेलं पान यू होई, आणि जुळतंय जुळतंय म्हणेपर्यंत वाऱ्याची झुळूक येऊन सगळं पुसून टाकी. त्याला त्याचं दुःख नव्हतं. उलट शब्द लवकर सापडू नये असंच त्याला आतून वाटत होतं. बाराव्या दिवशी पाण्यात ढगाची सावली पडली, मोठी, टोकदार, आणि तिच्याबरोबर शब्द वर आला: माउंटन. एम, ओ, यू, एन, टी, ए, आय, एन. सगळे आत! वर एक ए पाहुण्यांसाठी.

एसुक अकाई हे तव्यासारखं सपाट गाव. तिथला सगळ्यात मोठा उंचवटा म्हणजे कम्फर्टबाईच्या अंगणातला वाळूचा ढीग. लोक हसले, ते ओटूनं सोसलं. जे सोसवलं नाही ते निराळंच होतं. गल्लीच्या टोकाला एक प्रार्थनाघर होतं आणि त्याच्या लांबलचक नावात हा शब्द होता. पहिल्याच रविवारी एक बाई तेलाची बाटली आणि नवऱ्याचा सदरा घेऊन ओसरीवर गुडघे टेकून बसली.

"बाई, मी पाद्री नाही. पाणीपुरवठ्यात क्लार्क आहे."

"मोठी माणसं अशीच बोलतात," ती डोळे मिटून म्हणाली. "नवऱ्याचा ताप उतरू दे, बाबा."

ती उठेना. शेवटी ओटूनं सदऱ्यावर हात ठेवला आणि याचा ताप उतरो, असं पुटपुटला. दुर्दैव असं की ताप उतरला. पुढच्या रविवारी ओसरीवर नऊ सदरे, एक मच्छरदाणी आणि बोहनी न होणारं एक वजनकाट्याचं पारडं आलं. त्याच्या पुढच्या रविवारी खरे पाद्री आले. ते अतिशय नम्रपणे बोलले, आणि जाताना पाटी स्वतःच काढून काखेत मारून घेऊन गेले.

"आता बास," एन्कोयो म्हणाली. "अर्धा रंग दिलेलं घर, काय वाईट आहे?"

पण ओटूचा मान आता दोन ठिकाणी दुखावला होता. अशा वेळी शहाणा माणूस घरी बसतो. ओटू एडेमकडे गेला.

एडेम बँकेत रोखपाल होता, पण गावात त्याची ओळख वेगळी होती. तो स्क्रॅबल खेळे. क्लबाच्या आंब्याखाली पाट मांडून, घड्याळ लावून. राज्याच्या स्पर्धेत तो दुसरा आला होता आणि ऐंशी हजार इंग्रजी शब्द त्याला पाठ होते. त्याला अक्षरं दिली की तो डोळे मिटी, मान किंचित मागे टाकी आणि शब्द येऊ लागत; पिकलेले आंबे आपोआप गळावेत तसे.

"ओ, एन, आय, यू, एम, टी," ओटू म्हणाला. "मधे दुसरी अक्षरं चालतील."

"अँप्युटेशन," एडेम डोळे मिटून म्हणाला.

"म्हणजे पाय कापणं ना रे?"

"असेल. फ्युमिगेशन."

"धुरी देऊन ढेकूण मारतात ते. घराला?"

"ह्युमिलिएशन."

"ते झालं दोन वेळा."

"रूमिनेशन. एक्झ्युमेशन. म्युटेशन. इल्युमिनेशन."

पहिला गाईचं रवंथ निघाला, दुसरा पुरलेलं मढं उकरणं, तिसरा माणसाचं माकड की माकडाचा माणूस असं काहीतरी. शेवटचा ओटूला आवडला. पण घरी एन्कोयो म्हणाली, "महिन्यातले वीस दिवस वीज नसते आणि घराचं नाव रोषणाई? लोक खिडकीतून काजवे टाकतील." कम्फर्टबाईनं उरलेल्या प्रत्येक शब्दाला एकेक हरकत काढली. तेव्हा ओटूच्या ध्यानात आलं की घोळ अर्थाचा आहे. ज्याचा अर्थ कळतो त्याला लोक नावं ठेवतात. तो पुन्हा आंब्याखाली गेला.

"असा सांग, जो कुणालाच ठाऊक नाही."

एडेमनं मान मागे टाकली. पानांतून ऊन हलत होतं, कुणीतरी लांब उखळात कंद कुटत होतं. मग त्याचे ओठ हलले.

"मिक्च्युरिशन. एम, आय, सी, टी, यू, आर, आय, टी, आय, ओ, एन. अकरा अक्षरं."

ओटूच्या अंगावर काटा आला. काय तो नाद! जणू हौदातलं पाणी सावकाश फिरून निवळत होतं.

"अर्थ काय?"

"अर्थाला गुण नसतात, ओटूभाऊ. यादीत आहे, म्हणजे शब्द आहे."

घरच्या डिक्शनरीत बघायला गेले तर वाळवीनं एल ते पी खाऊन टाकलं होतं. एन्कोयोनं दोनदा म्हणून पाहिलं आणि तिला हरकत सापडेना. मायेनआजींना वाटलं, मिसळण्यासारखं काहीतरी असेल, सगळे एकत्र. कम्फर्टबाईनं पाटीत सी पाहिला आणि तिचे डोळे भरून आले. "माझंसुद्धा घेतलंत, ओटूभाऊ?" तो सी शब्दाचाच होता, पण ती त्या संध्याकाळी सुक्या मासळीचं कालवण घेऊन आली. ते खाल्ल्यावर ओटूला खरं सांगवेना.

पाटी दारापेक्षा लांब झाली. शेवटची तीन अक्षरं खिडकीवर आली, त्यामुळे खिडकी उघडली की नाव अर्ध्यात तुटे; खिडकी बंद ठेवायचं ठरलं. लोक थांबून वाचत, पुन्हा वाचत आणि आदरानं पुढे जात. पोस्टमननं टोपी काढली. ओटूचं पाऊल जमिनीपासून बोटभर वर पडू लागलं, आणि त्याच भरात त्यानं नगरपरिषदेत जाऊन नाव रीतसर नोंदवलं. अर्जात 'नावाचा अर्थ' असा रकाना होता. ओटूनं लिहिलं: कौटुंबिक.

झालं असं की त्याच महिन्यात परिषद गल्ल्यांना नावं देत होती. नियम होता की बिननावाच्या गल्लीला तिच्यातल्या पहिल्या नोंदलेल्या घराचं नाव द्यायचं. एका सकाळी दोन माणसं आली, त्यांनी कोपऱ्यावर खांब रोवला आणि निळी पाटी ठोकली: मिक्च्युरिशन लेन. गल्ली आनंदानं वेडी झाली. पोरांनी त्याचं गाणं केलं. पलीकडच्या गल्लीला 'बाजारमागची' एवढंच नाव मिळालं होतं, त्यामुळे आनंद दुप्पट झाला. कम्फर्टबाईच्या मुलीचं, आरितचं, लग्न पंधरवड्यावर आलं होतं. कम्फर्टबाईनं चारशे पत्रिका छापल्या आणि पत्ता सोनेरी शाईत घातला.

पत्रिका वाटून झाल्यावर निवृत्त मुख्याध्यापिका एकानेमबाई कम्फर्टबाईकडे झगा घालून बघायला आल्या. चाळीस वर्षं त्यांनी जीवशास्त्र शिकवलं होतं. ओटूच्या दारापुढे त्या थांबल्या. चष्मा काढला, पुसला, घातला.

"हे नाव कुणी निवडलं?"

"मीच," ओटू म्हणाला. त्याची छाती आपोआप पुढे आली.

"मुद्दाम?"

"दोन महिने लागले, बाई."

एकानेमबाईंनी इकडेतिकडे पाहिलं, त्याच्या कानाशी आल्या आणि शाळेत उत्तर सांगावं तशा स्पष्ट म्हणाल्या, "लघवी करणं. डॉक्टर लोक त्याला असं म्हणतात." मग त्याच्या खांद्यावर थोपटून म्हणाल्या, "पाणीपुरवठ्यात आहात ना? खात्याशी अगदीच फारकत नाही," आणि गेल्या.

ओटू पायरीवर बसला. त्याच्या डोक्यावर अकरा अक्षरं होती, गल्लीच्या तोंडाशी निळा खांब होता आणि चारशे घरांत सोनेरी शाई होती. कोपऱ्यावर पोरं तालात गात होती. ते गाणं आता ऐकवत नव्हतं.

परिषदेतला कारकून म्हणाला, नाव बदलता येईल. गल्लीतल्या सगळ्यांच्या सह्या हव्यात आणि कारण लिहायला हवं.

"कारण खाजगी आहे."

"पण नाव तर सार्वजनिक आहे. आमच्या अध्यक्षांना फार आवडलंय. नव्या सभागृहाला द्यावं म्हणतायत. लिहा ना, काय कारण?"

ओटूनं लेखणी उचलली, 'ल' काढला, खोडला आणि उठला. तिथून तो तडक आंब्याखाली गेला. एडेमला त्यानं अर्थ सांगितला आणि वर काय काय सांगितलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. एडेम हातातल्या अक्षरांच्या सोंगट्या चाळू लागला.

"राज्याच्या फायनलमध्ये मी हाच शब्द लावला होता," तो हळूच म्हणाला. "समोरचा माणूस का हसला ते आज कळलं." त्याचा चेहरा इतका पडला की ओटूलाच त्याची समजूत घालावी लागली.

घरी त्यानं दार लावून बायकोला आणि सासूबाईंना सांगितलं. एन्कोयो आधी हसली, हसता हसता जमिनीवर बसली, मग एकदम थांबली. "अहो, इटाचे बाबा, मुलाचं पत्र येतं या पत्त्यावर! बोर्डिंगातून!" आणि ती रडायला लागली. तेव्हा ओटूला पहिल्यांदा कळलं की हा आपला मान राहिला नाही, घराचा झाला. मायेनआजी मात्र शांत होत्या.

"माझ्या वयात या, मग कळेल," त्या म्हणाल्या. "ज्याला ते बिनत्रास होतं त्यानं देवाला नारळ वाहावा. शब्द वाईट नाही. तुम्ही अजून तरुण आहात."

कम्फर्टबाईला सांगणं सर्वांत कठीण होतं. ती आरितच्या पोशाखाला मणी लावत होती. ओठांत तीन सुया होत्या. ओटूनं सगळं सांगितलं, सी तिचा नव्हता हेसुद्धा सांगून टाकलं. तिनं एकेक करून सुया काढल्या.

"किती जणांना ठाऊक आहे?"

"एकानेमबाई, आम्ही तिघं आणि एडेम."

"चारशे पत्रिका गेल्यात, ओटूभाऊ. शनिवारी लग्न आहे. तोवर या शब्दाचा अर्थ सुखशांती असा आहे. कळलं? सोमवारी सही मागा, देते." मग पुन्हा सुई ओवत म्हणाली, "आणि सी माझाच आहे. तुम्ही काढायचा नाही."

शनिवारी सकाळपासून ढोल वाजत होते. एन्कोयो आणि आजी मांडवात मदतीला ये-जा करत होत्या. ओटू चांगला सदरा घालून ओसरीवरच बसला. मांडवात शिकलेले पाहुणे असणार, कुणीतरी हसणार, आणि ते आपल्या डोळ्यांदेखत नको. ऊन पिवळं होत होतं. त्याचा डोळा लागायला आला तेव्हा एक जुनी मोटार समोर थांबली.

आतून एक म्हातारे गृहस्थ उतरले. गळ्यात पोवळ्यांच्या माळा, हातात चांदीच्या मुठीची काठी. वराचे थोरले आजोबा. चाळीस वर्षं डॉक्टरकी केलेले, इकोट एकपेनेहून खड्ड्यांतून आलेले. त्यांनी पाटी वाचली. ओटूनं मान खाली घातली. म्हातारे काठी टेकत, पण कमालीच्या वेगानं पायऱ्या चढले.

"इथंच ना?" त्यांनी विचारलं.

"काय इथंच?"

"अहो, पाटी लावलीय तेच! तीन तास मोटारीत आहे. ड्रायव्हर म्हणतो, पुढे थांबू, पुढे थांबू. कुठं आहे?"

ओटू उभा राहिला. इतक्या सरळपणे तो कित्येक दिवसांत उभा राहिला नव्हता. "या, डॉक्टरसाहेब," तो म्हणाला. "आतून डावीकडे. उंबऱ्याला जपा."

म्हातारे बऱ्याच वेळानं बाहेर आले तेव्हा चेहरा निवळलेल्या पाण्यासारखा झाला होता. मायेनआजींनी हातावर पाणी घातलं आणि बसायला खुर्ची दिली.

"आमच्या वयाच्या माणसांचा विचार कुणी करत नाही," ते म्हणाले. "जेवण ठेवतात, गाणं ठेवतात, ही सोय ठेवत नाहीत. ठेवली तर पाटी लावायला लाजतात. तुम्ही गल्लीच्या तोंडापासून लावलीय! आणि स्पेलिंगसुद्धा बरोबर. आमच्या कंपाउंडरला जन्मभर जमलं नाही. कुणाची कल्पना?"

ओटूनं सासूबाईंकडे पाहिलं. त्या गालातल्या गालात हसत होत्या.

"घरातल्या सगळ्यांची," तो म्हणाला.

डॉक्टर मांडवात गेले आणि तिथं त्यांनी आपल्या पिढीच्या कानात काहीतरी सांगितलं असावं. थोड्याच वेळात मांडवाच्या मागच्या बाजूनं दोन म्हातारे निघाले, मग एक आजी नातीच्या खांद्यावर हात ठेवून, मग आणखी तिघं. एन्कोयोनं घरातल्या सगळ्या खुर्च्या ओसरीवर मांडल्या. आजींनी ताडीचा घडा आणून ठेवला, त्यामुळे आलेले लोक पुन्हा येऊ लागले. रांगेत जुन्या ओळखी निघाल्या, कुणी कुणाचा शाळासोबती निघाला, हसणं मांडवापर्यंत जाऊ लागलं. कम्फर्टबाई मधेच धावत येऊन बघून गेली आणि तिनं जेवणाचं एक मोठं पातेलं इकडेच पाठवलं. तिन्हीसांजेला ढोल मंद झाले, नदीवरून गार वारा आला, आणि ओटू दारात तांब्या घेऊन उभा राहून येणाऱ्या प्रत्येकाला वाकून सांगत होता, "सावकाश होऊ द्या. घाई नाही."